तोंडातल्या शस्त्रक्रियेत कार्बन डायऑक्साइड लेझर

कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे अवरक्त पट्ट्यातली. 1964 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये हा लेझर घडवला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. महाराष्ट्रातल्या दंतवैद्यकाच्या दीक्षान्त मंडपात एवढी नोंद व्हायलाच हवी.

या तरंगलांबीचा प्रकाश पाणी अधाशासारखे शोषून घेते. हिरडी, ओठ, जीभ यांत पाणीच जास्त. त्यामुळे किरणाची ऊर्जा वरच्या अगदी पातळ थरातच संपते, तिथल्या पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ऊती कापली जाते. कडेला थोडी उष्णता पसरते, तीही कामी येते: सुमारे अर्ध्या मिलिमीटर व्यासापर्यंतच्या रक्तवाहिन्या तिने बंद होतात. रक्ताने न भरलेली, स्वच्छ दिसणारी जागा हा या लेझरचा खरा फायदा. वाढलेली हिरडी छाटणे, ओठामागचा किंवा जिभेखालचा पडदा सोडवणे, गालातली फायब्रोमाची गाठ काढणे अशा कामांत टाके बहुधा लागत नाहीत, आणि जखम भरताना आकसतेही कमी. मात्र लेझर असला की भूल नको आणि जखम झटपट भरते, ही जाहिरातीची भाषा झाली. भूल बहुतेक वेळा द्यावीच लागते. सुरुवातीच्या दिवसांत तर ही जखम चाकूच्या जखमेपेक्षा सावकाशच भरते.

इनॅमलमधले खनिजही हा किरण शोषते आणि तापून तडकू शकते, म्हणून हिरडीवर काम करताना दाताला आडोसा द्यावा लागतो. यंत्राचे टोक सहसा ऊतीला टेकत नाही. चाकू धरलेल्या हाताला खोलीचा जो अंदाज येतो तो इथे येत नाही. डोळ्यांना योग्य चष्मा रुग्णासकट सर्वांनाच हवा. धुरासाठी जोरदार सक्शन हवे, कारण चामखिळीसारखी गाठ जाळताना धुरात विषाणूचे अंश असू शकतात. आसपासचे गॉज ओले हवे. स्पिरिट आणि ऑक्सिजन किरणापासून लांब.

सर्वांत मोठा धोका मात्र यंत्राच्या सोयीतच आहे. तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडात आढळणारा ल्युकोप्लाकियाचा पांढरा चट्टा लेझरने काही मिनिटांत वाफ करून टाकता येतो. तोंड साफ दिसते, रुग्ण समाधानाने जातो. पण त्या चट्ट्यात कर्करोगाची सुरुवात होती का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला काहीच उरत नाही. चट्टा कापून काढला तरी कडा भाजल्यामुळे पॅथॉलॉजिस्टला त्या नीट वाचता येत नाहीत, म्हणून थोडी जास्त निरोगी ऊती सोबत घ्यावी लागते. आज पदवी घेणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याने पांढऱ्या चट्ट्यावर लेझर चालवण्याआधी बायोप्सीचा अहवाल हातात घ्यावा.