खोलवरचा चुनखडक मोकळा राहतो कसा?



आज एकच आग्रह धरणार आहे. पाच किलोमीटर खोल चुनखडकात पोकळी दिसली, की ती निर्माण कशी झाली हे आपण लगेच विचारतो. आधी विचारा, ती टिकली कशी?

समुद्रतळावरच्या ताज्या चुनाळ गाळात साधारण निम्मी जागा पाण्याची असते. श्मोकर आणि हॅली या संशोधकांनी १९८२ मध्ये दक्षिण फ्लोरिडातल्या विहिरींवरून दाखवलं, की तिथल्या कार्बोनेट खडकांची सच्छिद्रता दर सुमारे १,७०० मीटरला निम्मी होते आणि साडेपाच किलोमीटरवर ५ टक्क्यांच्या आत येते. दाबाखाली कण जिथे टेकतात तिथे विरघळतात आणि ते कॅल्साइट जवळच्याच पोकळीत जाऊन बसतं.

तरीही खोलवर मोकळे थर सापडतात. खालून आलेल्या आम्लधर्मी पाण्याने खडक पोखरला, असं त्याचं उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते सैल वाटतं. खोलवरचं पाणी दीर्घकाळ चुनखडकाच्याच सहवासात असतं. त्यात आणखी कॅल्साइट मावणार किती? शिवाय विरघळलेला चुना बाहेर नेण्यासाठी प्रचंड पाणी वाहायला हवं. वर चढताना थंड होणारं पाणी भेगांलगतचा खडक खाऊ शकतं, कारण कॅल्साइट गार पाण्यात अधिक विरघळतं. पण अख्ख्या थराचा हिशोब तेवढ्याने जुळत नाही.

पोकळी टिकते कशी, हे समजण्यासाठी उत्तर समुद्रातलं एकोफिस्क हे तेलक्षेत्र पाहा. १९६९ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात सुमारे तीन किलोमीटर खोलीवर खडू या चुनखडकाची सच्छिद्रता कित्येक ठिकाणी ३० टक्क्यांहून जास्त आहे. छिद्रांतला द्रव बाहेर निसटू शकला नाही, त्याचा दाब वाढला आणि वरच्या थरांचा बराचसा भार त्यानेच पेलला. याचा पुरावा उत्पादनातून मिळाला. तेल-वायू काढल्यावर दाब उतरला, खडू चेपला, समुद्रतळ खचला आणि १९८७ मध्ये तिथले प्लॅटफॉर्म सुमारे सहा मीटर उचलावे लागले. पुढे पाणी भरून दाब सावरला, तरी खचणं लगेच थांबलं नाही. कारण पाण्याच्या संपर्काने खडूच कमकुवत होतो. पोकळी कशाच्या आधारावर उभी होती, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं क्षेत्र मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण चीनचं. सिचुआनमधल्या पुग्वांग क्षेत्रातला वायू सुमारे पाच किलोमीटर खोल डोलोमाइटमध्ये आहे. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे खडक विरघळून नवी पोकळी किती झाली, यावर वाद आहे. मूळचा ऊलाइटी वाळूचा बांध आणि दाबाखाली चुनखडकापेक्षा कमी विरघळणारं डोलोमाइट, या दोन गोष्टींना मी अधिक वजन देईन.

आपलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडलं. तिथला मुख्य मायोसीन चुनखडक मात्र दीड किलोमीटरच्या आतच आहे. समुद्र ओसरल्यावर उघड्या पडलेल्या थरांत पावसाच्या पाण्याने केलेल्या पोकळ्या तिथे महत्त्वाच्या आहेत. म्हणजे त्या कोवळ्या वयातल्या. पश्चिम किनाऱ्यालगत याहून खोल जाताना अशा जुन्या पोकळ्यांपैकी कोणत्या तगल्या, हे शोधावं लागेल.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना सांगतो: सच्छिद्रतेच्या आलेखाशेजारी द्रवाच्या दाबाचा आलेख मांडा. पोकळीत तेल आधी आलं की ती बुजवणारं कॅल्साइटचं सिमेंट, हे पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली तपासा. आणि कोरड्या निघालेल्या विहिरींचे कोअर फेकू देऊ नका. ज्या थरांत पोकळी बुजली, ते शेजारी ठेवल्याशिवाय उरलेली का उरली हे सिद्ध करता येणार नाही.