ग्रिलची चावी कुठे आहे?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू चाळीस वर्षं वायरिंगची कामं केलीस, तर घरातल्या आगीबद्दल चार कामाच्या गोष्टी सांग.’ शाळेत असताना उभं राहायची वेळ माझ्यावर फक्त शिक्षा म्हणून यायची. तेव्हा सांभाळून घ्या.

आठवीत सरांनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घातला होता आणि मला विचारलं होतं, ज्योत का विझली? मला तेव्हा सांगता आलं नाही. सर समोरच बसलेत, म्हणून आज सांगतो : जळायला लागणारी हवा मिळेनाशी झाली. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर नेमकं हेच करायचं. गॅस बंद करून कढईवर झाकण किंवा परात ठेवायची, आणि कढई जागची हलवायची नाही. पाणी तर चुकूनही ओतू नका. ते तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पेटतं तेल चहूकडे उडतं.

आता माझ्या घरची गोष्ट. ही कबुलीच आहे म्हणा ना. नवीन पनवेलला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आईच्या खोलीत एसी बसवला, तेव्हा त्याला स्वतंत्र लाइन ओढायला हवी होती. गिऱ्हाइकाकडे मी तसंच केलं असतं. घरी मात्र ‘पुढच्या आठवड्यात ओढू’ म्हणत एक्स्टेंशन बोर्डवर भागवलं. तो आठवडा तीन वर्षं चालला. मे महिन्यातल्या एका दुपारी बोर्डातला सैल झालेला जोड तापून वितळला आणि दाराजवळचा पडदा पेटला. एमसीबी का पडला नाही, असं मला पुष्कळ जणांनी विचारलं. सैल जोड तापतो, पण त्याने करंट वाढत नाही. मग एमसीबीला कळणार कसं? पिन हाताला गरम लागली, बोर्ड पिवळा पडला, जळका वास आला, की वायरमनला बोलवायचं. वाट बघायची नाही.

आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. आग दाराशी आणि तिचा पलंग खिडकीशी. खिडकीला ग्रिल, ग्रिलला छोटं दार, दाराला कुलूप. चावी स्वयंपाकघरातल्या खणात, इतर सतरा चाव्यांबरोबर. मी कामावर होतो, बायको एकटी. तिला चावी सापडलीच नाही. खालच्या मजल्यावर राहणारा आपला एक वर्गमित्र धावत आला. त्याने मेन स्विच पाडला, ओल्या चादरीने पडदा दाबला आणि जमिनीलगत रांगत जाऊन आईला ओढून बाहेर आणलं. धूर वर साचतो, खाली थोडी तरी हवा असते, हे त्याच्या लक्षात होतं. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घ्यायचं नाही अशी तंबी आहे.

आई कुठेही भाजली नव्हती. फोमच्या गादीचा धूर तेवढा छातीत गेला. अकरा दिवसांनी ती घरी आली, पण आवाज पूर्ण परत आला नाही. दर गुरुवारी ती भजनाला जाऊन बसते. नुसते ओठ हलतात.

वडाळे तळ्याजवळचं आमचं जुनं घर लाकडी होतं. घरात चूल, कंदील, माळ्यावर गवत. आग लागायला सगळं तयार! पण त्या घराला पुढचं दार होतं आणि परसातलंही होतं. आता चोरांच्या भीतीने आपण स्वतःलाच कोंडून घेतलंय. २०२५च्या दिवाळीत एकाच रात्रीत वाशीला इमारतीच्या आगीत चार जीव गेले, त्यात सहा वर्षांची मुलगी होती. त्याच पहाटे इथे कामोठ्यात मायलेकी गेल्या.

गॅसचं थोडक्यात सांगतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ला फोन करा. नळी पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘सी-२७’ असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे २०२७च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याची चाचणी करायची आहे. ती मुदत उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका.

सोसायटीत सेक्रेटरी असणारे आपल्यात बरेच दिसतात. २००६च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैत. कागद फायलीत असतो; पाइपात पाणी आहे का, ते नळ उघडून बघा. आणि जिन्यातली चपलांची कपाटं हलवा. भांडण होईल, होऊ द्या.

आमच्या ग्रिलची चावी आता खिडकीशेजारीच खिळ्याला, लाल दोरीत टांगलेली असते. आई रोज रात्री तिला हात लावून झोपते.

जाता जाता एक. सकाळी आलो तेव्हा या हॉलच्या मागच्या दाराला कुलूप होतं आणि पुढे खुर्च्यांची थप्पी. शिपाईकाकांकडून उघडून घेतलंय. चावी माझ्या खिशात आहे, जेवणानंतर परत द्यायची मला आठवण करा.