प्रवासांतली इस्त्री कशी निवडावी?

सातारा-सांगलीकडील घरांत आज प्रवास ही केवळ सणासुदीची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणी मुलाखतीसाठीं रात्रीच्या गाडीनें मुंबईस जातो, कोणी लग्नासाठीं मिरजेस उतरतो; कोणाचीं मुलें अमेरिकेंत असल्यामुळें आईवडील महिनोन्‌महिने तिकडे राहून येतात. पेटींतून काढलेला सदरा चुरगळलेला असतो आणि कार्य तर तासाभरावर येऊन ठेपलेलें असतें. अशा वेळीं उपयोगी पडावी म्हणून वाफेची लहानशी इस्त्री बाजारांत मिळते. ती घ्यावी कीं न घ्यावी, आणि घ्यावयाची तर काय पाहून घ्यावी, याचा थोडा विचार आज करूं.

इस्त्री हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. परंतु वस्तु आतां इतकी आपली झाली आहे कीं, शब्दाचें परकेपण कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. निखार्‍यांवर तापणारी जड इस्त्री आपण परिटाच्या दुकानीं पाहिलेली असते. विजेच्या इस्त्रीचें पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांना १८८२ सालीं मिळालें; वाफेची जोड तिला पुढें लाभली. ही वाफ करते तरी काय? सुती धाग्यांतील तंतू ज्या सूक्ष्म बंधांनीं परस्परांस धरून असतात, ते बंध उष्णतेनें व ओलाव्यानें सैल पडतात. त्यावर दाब दिला कीं तंतू सरळ होतात आणि कापड वाळतांच त्याच स्थितींत राहतात. म्हणजे सुरकुती जाण्यास उष्णता, ओलावा आणि दाब हीं तिन्ही लागतात. लहान इस्त्रींत या तिहींचीहि काटकसर झालेली असते, हें खरेदीपूर्वीं ओळखावें.

उदाहरणच घेऊं. ७०० वॅटची एक लहान इस्त्री मिनिटास १० ग्रॅम वाफ देते असें समजा. इतक्या पाण्याची वाफ करण्यांतच सुमारें सव्वाचारशें वॅट खर्च होतात. मग तळ तापता ठेवण्यास तीनशेंहून कमी उरतात. म्हणून अशी इस्त्री एकसारखी वाफ सोडूं लागली म्हणजे तळ थंडावतो आणि वाफेऐवजीं पाण्याचे थेंब गळूं लागतात. टांकी ६० मिलिलिटरची असेल तर ती सहा मिनिटांत रिकामी होते. तेवढ्यांत एखादा सदरा नीट होईल. साडीस मात्र टांकी पुन्हां पुन्हां भरावी लागेल. १,००० वॅटच्या आसपासची इस्त्री या कामीं अधिक बरी. वाफ बंद करून कोरडीहि चालेल अशी सोय तींत असावी, आणि उष्णता कमीअधिक करण्याची चकती तर असलीच पाहिजे.

या चकतीचें महत्त्व कपड्यांच्या पट्टीवरून कळतें. पट्टीवरील इस्त्रीच्या चित्रांत एक ठिपका असेल तर ११० अंश सेल्सिअस, दोन असतील तर १५० आणि तीन असतील तर २०० अंश ही उष्णतेची कमाल मर्यादा समजावी. एका ठिपक्याच्या कपड्यास वाफ देऊंहि नये. सुती धोतर आणि नायलॉनची ओढणी एकाच उष्णतेवर फिरविली तर ओढणी तळास चिकटल्यावांचून राहणार नाहीं. रेशमी साडीची गोष्ट आणखी नाजूक. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला तर डाग राहण्याची भीति असते. म्हणून गळकी इस्त्री तिला वैर्‍यासारखी. आईची पैठणी असो वा इरकली असो, ती उलट बाजूनें, वर स्वच्छ सुती फडकें घालून, वाफेवांचून आणि बेताच्या उष्णतेवरच इस्त्री करावी.

आतां पाण्याकडे वळूं. सातारा शहरास कास तलावाचें पाणी मिळतें, आणि पावसाचें सांठविलेलें पाणी सामान्यतः मृदु असतें. उलट सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत-आटपाडीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांत विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळदां जड लागतें. साबणास फेस येत नाहीं, डाळ शिजतां शिजत नाहीं, ही त्याची घरगुती खूण. अशा पाण्यांतील चुन्याचे क्षार तापल्यावर खालीं बसतात, वाफेचीं बारीक छिद्रें बुजवितात, आणि एखाद्या दिवशीं पांढर्‍या सदर्‍यावर मळकट ओघळ सोडतात. लहान इस्त्रीचीं छिद्रें थोडीं, म्हणून ती लवकर निकामी होते. पाणी उकळून, निववून, गाळून घेतल्यास क्षार कांहीं अंशीं कमी होतात. शुद्ध केलेलें पाणी घालावें कीं कसें, तें इस्त्रीबरोबरच्या माहितीपत्रकांत पाहावें. काम संपतांच टांकी रिकामी करावी, हा नियम मात्र सर्वत्र एकच.

परंतु कपडा जळला तर पैशांवर निभावतें. विजेच्या बाबतींतील दुर्लक्ष जिवावर बेतूं शकतें. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, अमेरिकेंत १२०, तर जपानांत १००. येथील इस्त्री तिकडे नेली तर अमेरिकेंत ती जेमतेम चतुर्थांश शक्तीनें तापेल; तिकडची इस्त्री येथें लावली तर ती जवळजवळ पावणेचार पट वीज ओढूं पाहील आणि क्षणांत जळून जाईल. परदेशीं जाणारानें दोन्ही दाबांवर चालणारी इस्त्री घ्यावी आणि लावण्यापूर्वीं तिचें बटण कोणत्या आंकड्यावर आहे तें प्रत्येक वेळीं पाहावें. पेटींतल्या धक्क्यानेंहि तें सरकूं शकतें. दुकानांत मिळणारा अ‍ॅडॉप्टर प्लगाच्या पिनांचा आकार तेवढा जुळवितो; विजेचा दाब तो बदलीत नाहीं.

स्वदेशींहि सावधपण हवेंच. १,००० वॅटची इस्त्री सवाचार अँपियरांहून थोडा अधिक प्रवाह घेते. भिंतींतील सहा अँपियरच्या सुस्थितींतील सॉकेटला तो पेलतो. परंतु मोबाइल भरण्यासाठीं लोंबत ठेवलेल्या बारीक वायरीच्या जोडणीवर किंवा रेल्वेच्या डब्यांतील सॉकेटवर ती कदापि लावूं नये. पाणी आणि वीज एकत्र नांदणार्‍या या उपकरणास अर्थिंग असलेंच पाहिजे. तिसरी पिन ही त्यासाठींच असते. जुन्या वाड्यांत वा लॉजमध्यें दोन भोंकांचें सॉकेट आढळलें तर ती पिन चुकवून काम भागवूं नये. तशीच चुरगळलेली पैरण घालून जाणें शहाणपणाचें. खरेदी करतांना आय्. एस्. आय्. चिन्ह पाहावें. त्याखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासून घेतां येतो.

पावसाळ्यांत महाबळेश्वर-पांचगणीस जाणारांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथें कपडे दिवसेंदिवस दमट राहतात, आणि ओले मोजे इस्त्रीखालीं वाळविण्याचा मोह होतो. इस्त्री हें वाळविण्याचें यंत्र नव्हे. पायमोजांचें रबर वितळतें, तळ खराब होतो, आणि तापलेली इस्त्री गादीवर तशीच टेकून ठेवली गेली तर आगीसहि निमित्त पुरतें. उभी ठेवली असतां न डगमगणारी, मूठ घडी घालतां आली तरी घट्ट बसणारी इस्त्री निवडावी. पूर्ण निवल्याखेरीज तिच्याभोंवतीं वायर गुंडाळूं नये, पेटींत तर ठेवूंच नये.

शेवटीं, ही वस्तु प्रत्येकास हवीच असें नाहीं. वर्षांतून दोनदां पुण्यास जाणारानें सदरा नीट घडी घालून, पोंचल्यावर रात्रभर टांगून ठेवला, तर बरेंचसें काम होतें. उरलेलें तेथील परीट चार पैशांत करून देतो, आणि त्याचा हात आपल्याहून सफाईदार असतो. वारंवार मुक्काम बदलणारास, परदेशीं महिनोन्‌महिने राहणारास, किंवा भल्या पहाटे मुलाखतीस सज्ज व्हावें लागणार्‍या तरुणास मात्र ती खरी सोबतीण होईल. तेव्हां दुकानांत गेल्यावर ती पेटींत मावते कीं नाहीं एवढेंच न विचारतां, माझे कपडे कोणते, मी जेथें उतरणार तेथील वीज कशी आणि पाणी कसें, हे तीन प्रश्न आधीं स्वतःस विचारावेत. त्यांचीं उत्तरें मिळालीं कीं निवड आपोआप होते.