निगेटिव्ह कुठंय?

(युवक अभ्यासवर्गातलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

मला बोलायला विषय दिलाय 'ग्रुपवर फोटो टाकणं'. विषय ऐकून मागं बसलेली दोन पोरं हसली. हसा. मीही हसलो असतो. आपण इथं व्यवस्था बदलायच्या गोष्टी करायला जमतो आणि हा बाबा मोबाईलच्या फोटोवर काय बोलणार? पण आमच्या वस्तीतली एक मावशी आज काठी टेकत चालते, आणि तिला त्याची दमडीसुद्धा भरपाई मिळाली नाही. त्यात एका फोटोचा हात आहे. खरं बोलायचं तर माझा हात आहे. म्हणून बोलतो.

आमच्या बापाच्या काळात फोटो म्हणजे सोहळा होता. कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट उसना आणायचा, स्टुडिओत जायचं, श्वास रोखून बसायचं. चार दिवसांनी पाकीट मिळायचं. फोटोवाला बजावायचा, 'फोटो हरवला तर हरवू द्या, निगेटिव्ह जपा. निगेटिव्ह असली तर कधीही पुन्हा काढून देईन.' आमच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या खाली ते पाकीट अजून आहे. माझ्या आईला सही येत नव्हती, पण तिनं निगेटिव्ह सांभाळली. आणि तिचा हा शिकलेला पोरगा, ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्याला ते जमलं नाही.

झालं असं. आमची वस्ती टेकडीच्या पोटाला आहे. वर एक भिंत, माती धरून ठेवणारी. एका उन्हाळ्यात त्या भिंतीला तडा गेला. माझा भाचा तेव्हा अकरावीत होता. पोरगं हुशार. त्यानं मोजायची टेप आणली, तड्याला लावली आणि फोटो काढला. टेपेवरचे आकडे स्वच्छ दिसत होते. तडा किती रुंद, ते सेंटिमीटरमध्ये वाचता येत होतं. मला दाखवायला आला. मी म्हणालो, 'शाब्बास. टाक ग्रुपवर.'

टाकला. मग काय! निषेध! धिक्कार! जोडलेले हात, आवळलेल्या मुठी, लाल तोंडं. एकानं 'प्रशासनाला जाग कधी येणार?' असं लिहिलं. प्रशासन आमच्या ग्रुपमध्ये नव्हतंच, तर जाग कशी येणार? पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. फोटो ग्रुपवर पडला म्हणजे तक्रार झाली असं आम्ही धरून चाललो. एक साधा अर्ज, एक पोच, एक शिक्का, काही नाही. रात्री वाढदिवसाचे केक आले आणि भिंत वर सरकून गेली.

जुलैत भिंत पडली. दोन घरं गेली. मावशीचा पाय मोडला. आम्ही ऑफिसात गेलो. साहेब शांतपणे म्हणाला, 'आधी तडा होता याला पुरावा काय?' आम्ही छाती पुढं काढून म्हणालो, 'फोटो आहे.' आणि शोधायला लागलो.

भाच्याच्या फोनात नव्हता. जागा भरली म्हणून त्यानं गॅलरी साफ केली होती, ग्रुपवर आहेच या भरवशावर. ग्रुपवर पण नव्हता, कारण ठराविक दिवसांनी निरोप आपोआप पुसले जावेत अशी कळ मीच दाबून ठेवली होती. उगाच कचरा नको म्हणून! शेवटी एकाकडं सापडला. पण तो फोटो त्याला भिंत पडल्यानंतर दुसऱ्यानं पाठवलेला. फाइलच्या नावात तारीख होती, पण ती त्याच्या फोनात फोटो उतरल्याची. म्हणजे भिंत पडल्याच्या नंतरची. साहेबानं चष्मा वर केला, मोठा करून बघितला, आणि टेपेवरचे आकडे फुटले. नुसते राखाडी चौकोन. तो म्हणाला, 'हे कुठली भिंत, कधीची भिंत, काय सांगता येतं यातनं?'

संताप आला. पण मित्रहो, त्याचा प्रश्न तेवढ्यापुरता खरा होता. चोर तो असेल, पण चावी आम्ही हरवली होती.

त्या दिवसानंतर मी हे प्रकरण समजून घेतलं. जे कळलं ते सांगतो. यात कसलीही जादू नाही.

आपला फोन जो फोटो काढतो तो साधारण एक कोटी वीस लाख ठिपक्यांचा असतो. आडवे ४०००, उभे ३०००. तो बहुतेक वेळा जेपेग नावाच्या पद्धतीनं आवळून ठेवतात. ही पद्धत १९९२ साली प्रमाण ठरली. तिचा धर्मच असा, की डोळ्याला चटकन जाणवणार नाही असा बारकावा फेकून द्यायचा. आता हा फोटो ग्रुपवर टाकला, की अ‍ॅप त्याला आणखी लहान करतं, म्हणजे पटकन जावा, डेटा कमी लागावा. १६०० गुणिले १२०० झाला तर उरले एकोणीस लाख वीस हजार ठिपके. सहा ठिपक्यांमागं एक उरला! वर तो पुन्हा आवळला जातो. चेहरा ओळखू येतो, बॅनर वाचता येतो, म्हणून आपल्याला काही गेलं असं वाटत नाही. पण टेपेवरचा आकडा, गाडीची नंबरप्लेट, कागदावरचा शिक्का, हे सगळं त्या गेलेल्या पाचांत असतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. कॅमेरा फोटोच्या पोटात एक चिठ्ठी ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कुठल्या यंत्रानं काढला ते त्या चिठ्ठीत असतं. लोकेशन चालू असेल तर पृथ्वीवरची जागासुद्धा, अक्षांश-रेखांशासकट. हा फोटोचा जन्मदाखला. ग्रुपवर नेहमीच्या पद्धतीनं टाकलेल्या फोटोतनं हा दाखला बहुतेक काढून टाकला जातो. म्हणजे आपण ग्रुपवर पाठवतो तो पोरका फोटो. त्याला बाप नाही, गाव नाही, जन्मतारीख नाही. आपल्या कितीतरी आज्यांच्या जन्मतारखा शाळामास्तरानं अंदाजानं लावल्या, तशी याची तारीख पण कुणीही कसलीही लावावी!

तेव्हा मूळ फाइल म्हणजेच निगेटिव्ह. आणि ती ग्रुपवर नसते. ज्याच्या फोनात फोटो जन्मला त्याच्याकडं असते.

कोर्टात तर हे फारच कडक आहे. जालन्याचं प्रकरण घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मुदतीनंतर भरले का, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुढं आलं, पण सीडीवर, आणि मागूनही प्रमाणपत्र मिळेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला निकाल झाला, की मूळ यंत्रच मालकानं साक्षीला आणलं तर गोष्ट वेगळी, पण नक्कल द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी अंगठा बदलतो. सरकारी कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणाची ही कथा, तर आपल्या ग्रुपवरनं आलेल्या पोरक्या फोटोची काय पत्रास!

आता पोरक्या फोटोची दुसरी बाजू. आमच्याकडं खरा फोटो होता, तो तारीख-ठिकाण हरवल्यामुळं निकामी झाला. आणि नेमकं तारीख-ठिकाण हरवल्यामुळंच खोटा फोटो भयंकर कामाचा होतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं होती. सोलापूर जिल्ह्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही मेली. त्या दिवसांत देशभर फोनाफोनांतनं काय फिरत होतं? मेलेल्या लेकरांचे फोटो, आणि खाली लिहिलेलं की हे आपल्याकडचं आहे. त्यातले फोटो होते सीरियातल्या घौटाचे, २०१३ साली विषारी वायूनं मेलेल्या मुलांचे. एक व्हिडिओ होता कराचीतला. मुलांना जपा असं सांगणारी जाहिरात ती. शेवटी तसं लिहिलेलं होतं. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलं ते अपहरण.

सीरियाची लेकरं मेली ते खरं होतं. कराचीची फिल्म खरी होती. खोटं काय होतं? फक्त तारीख आणि ठिकाण. तेवढं काढून घेतलं आणि पाच भटकी माणसं मेली. ज्यांना गाव नाही त्यांना अशा फोटोनं मारलं, ज्याला गाव नव्हतं.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी. बरं झालं. पण ढकलणारा अंगठा कंपनीचा नव्हता. आणि आपला अंगठा फार शुद्ध आहे असं समजू नका. मागच्या महिन्यात आपल्याच ग्रुपवर एका ठार मारलेल्या तरुणाचा फोटो आला. खाली जिल्ह्याचं नाव, 'कालची घटना'. रक्त उसळलं. दोघं मोर्चाची तारीख ठरवायला लागले. फोटो उलटा शोधून बघितला तर कैक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या राज्यातला. आपण तो मोर्चा काढला असता तर? पुढच्या खऱ्या घटनेला लोक म्हणाले असते, 'यांचे फोटो असलेच.' खोट्यानं आपली एक खरी गोष्ट उधारीवर जाळली असती.

तिसरी गोष्ट बोलतो आणि थांबतो. ती कडू आहे.

११ जुलै २०१६, गुजरात, उना. मेलेल्या गाईचं कातडं काढतात म्हणून आपल्या तरुणांना गाडीला बांधून भर रस्त्यात मारलं. ते चित्रण कुणी काढलं? मारणाऱ्यांनीच! त्यांनीच ते फिरवलं, दहशत बसावी म्हणून. ते त्यांच्यावर उलटलं, देश पेटला, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण एक प्रश्न मला झोपू देत नाही. ते चित्रण आपण पण पुढं ढकललं. हजार वेळा. ज्यांच्या पाठीवर काठ्या पडत होत्या त्यांना आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? मारणाऱ्यानं एकदा मारलं. आपण स्क्रीनवर रोज त्यांना बांधून ठेवलं.

पुरावा जपणं वेगळं आणि माणसाची विटंबना वाटत सुटणं वेगळं. पुरावा वकिलाकडं जातो, चौकशीत जातो, कपाटात जातो. सकाळच्या 'सुप्रभात'च्या फोटोमागनं तो जात नाही. आमच्या मावशीचा पण फोटो ग्रुपवर होता बरं का. लुगडं वर गेलेलं, पाय लोंबतोय. तो फोटो मात्र कुणाकडंच हरवला नव्हता! भिंतीचा फोटो सापडत नाही आणि मावशीचा फोटो सत्तर फोनांत. तिनं मला विचारलं, 'बाबा, भिंत कुणी जपली नाही, माझी मांडी कशी जपली रं?' काय उत्तर देणार?

तर आता आम्ही काय करतो ते सांगतो. मूळ फोटो काढणारा पुसत नाही. त्याच दिवशी दुसरी नक्कल वस्तीतल्या हार्डडिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी. पाठवायचा तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते. पण मूळ फाइल मोठ्या ग्रुपवर कधीच नाही. कारण पोटातली ती चिठ्ठी आपली साक्षीदार असते तशी दुसऱ्याची खबरीसुद्धा. घर सोडून लग्न केलेल्या जोडप्याचा फोटो चिठ्ठीसकट गेला, तर मारेकऱ्याला पत्ता विचारायला लागत नाही. ग्रुपवर लहान फोटो, आणि सोबत एक ओळ: कुठं, कधी, कुणी काढला. ओळ नसेल तर फोटो पुढं जाणार नाही. मेलेल्याचा, जखमीचा, बाईचा फोटो विचारल्याशिवाय नाही. आणि फोटो टाकला त्याच दिवशी अर्ज. पोच घेऊन. त्या पोचेचा पण फोटो.

आणि एक वही आहे. साधी, दोनशे पानी. मावशीची नातच लिहिते. अनुक्रमांक, तारीख, जागा, काढणारा, फोटोत कोण, कुणाला विचारलं, मूळ कुठं. परवापर्यंत एकशे बारा नोंदी झाल्या. भिंतीची त्यात नोंद नाही. पहिलं पान तिनं कोरं सोडलंय. मी विचारलं नाही का म्हणून.

नवी भिंत बांधलीय. या उन्हाळ्यात तिलाही बारीक चीर दिसतेय. या वेळी टेप आहे, मूळ आहे, अर्ज आहे, पोच आहे. साहेबाला जाग येईल का, मला ठाऊक नाही. पण या वेळी त्यानं विचारलं, तर आमचं पोरगं वही उघडून त्याच्यासमोर ठेवेल.

घरी जाऊन आधी आपापले फोन बघा. काय पुसताय ते बघा.

जयभीम.