दातिवऱ्याची गाडी



आपल्या दातिवऱ्यात रेल्वे नाही, तरी आपल्यापैकी बहुतेकांचं पुढचं आयुष्य सफाळे स्टेशननेच ठरवलं. किनाऱ्यावर उभं राहिलं की वैतरणेच्या मुखापलीकडे अर्णाळा दिसतो. पण विरारला जायचं तर आधी उलट्या दिशेला सफाळ्यापर्यंत एसटी, मग शटल, आणि तीच वैतरणा पुलावरून ओलांडायची.

विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ साली धावली. ती पुढे डहाणू रोडपर्यंत यायला १६ एप्रिल २०१३ उजाडला. मध्ये १४६ वर्षं गेली. त्यातली चार-पाच आपल्या वाट्याची.

शटल चुकली की कॉलेजचा दिवस बुडायचा. परतीची उशिरा आली की शेवटची एसटी निघून गेलेली. आम्ही मुलं मिळेल त्या टेम्पोत, मासळीच्या पाट्यांशेजारी बसून घरी यायचो. दहावीला आपल्यात पहिली आलेल्या मैत्रिणीला ती सोय नव्हती. घरच्यांनी दोनदा वाट पाहिली, तिसऱ्यांदा तिचं कॉलेजमधून नाव काढलं. तिला विचारूनच हे सांगतोय. ती समोरच बसली आहे. तिची लेक आज लोकलने कॉलेजला जाते.

लोकल अजून कमी आहेत, गर्दी आहे. विरार-डहाणू चौपदरीकरणाचं काम चालू आहे. ते लवकर व्हावं, कारण एका गाडीवर कुणाचं शिक्षण अडू नये.

थांबतो. मलाही एसटी गाठायची आहे.