पाणी हवं की शब्द?



या अधिवेशनाचं अध्यक्षपद मला दिलंत, आभारी आहे. 'माझ्याहून लायक माणसं या सभागृहात बसली आहेत' हे वाक्य दरवर्षी या जागेवरून म्हटलं जातं. यंदा ते खरं आहे, एवढाच फरक. संयोजकांनी मला लुप्त भाषांच्या अभ्यासाचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. तो लिहून आणलाय. चौतीस पानांचा आहे, स्मरणिकेत छापतील, सवडीनं वाचा. आज मी एकाच भाषेबद्दल बोलणार आहे, आणि तिच्या आडोशानं एक जुनी तक्रार मांडणार आहे.

सायबेरियात येनिसे नदीच्या खोऱ्यात, कान आणि आगुल या नद्यांच्या काठी, कोट नावाची भाषा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ती संपली. तिच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक सगळं माथियास कास्त्रेन या एका माणसामुळे. हा फिनलंडचा. क्षयानं पोखरलेल्या छातीनिशी १८४५ ते १८४९ सायबेरियाभर हिंडला. निघाला होता फिन लोकांचे भाऊबंद शोधायला. त्याला कोट बोलणारी पाच माणसं भेटली. त्यांची भाषा फिनिशची कुणीही लागत नव्हती. नात्यासाठी निघालेला दुसरा कुणी असता तर तिथून उठला असता. हा बसला. त्यानं व्याकरण लिहिलं, शब्दसंग्रह केला. १८५२ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला, आणि १८५८ साली अंतोन शीफनर यांनी त्याचं पुस्तक सेंट पीटर्सबर्गला छापून काढलं.

त्या पुस्तकात कोटांचे आकडे आहेत. एक म्हणजे हूचा, दोन ईना, तीन तोङा. सहाला खेलूचा, साताला खेलीना. शेपटाकडे नीट पाहा, तोच हूचा आणि तोच ईना. एका हाताची पाच बोटं मिटली आणि दुसऱ्या हाताचं पहिलं बोट उघडलं. दीड शतकानंतर, पुण्यातल्या खोलीत बसून मला तो हात दिसतो.

आता कोटचे नातेवाईक. नाही सांगितले तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. दगडाला केट भाषेत तिस, यूगमध्ये चिस, कोटमध्ये शिश, आरिनमध्ये केस आणि पुम्पोकोलमध्ये कित म्हणत. देवनागरीत ते जरा ओबडधोबड उतरतं, पण मुद्दा कळावा. मुलाला केट म्हणतात हिप, यूग म्हणत फिप, कोट म्हणत फुप. पाण्याला कोट उल म्हणत, आरिन कुल म्हणत. एका भाषेतला ध्वनी दुसरीत बदलतो, आणि शब्दामागून शब्दात तसाच बदलतो. याला म्हणायचं नातं. या येनिसेई कुटुंबातली एकटी केट आज जिवंत आहे, तीही मूठभर तोंडांत. बाकीच्या भाषा नद्यांच्या नावांत उरल्या. कोट भाषेत नदीला शेत म्हणत. सायबेरियन रेल्वेवरच्या तायशेत या गावाच्या नावाचा अर्थ थंड नदी असा सांगतात. हे वर्गात सांगितलं तेव्हा एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, मग आपलं शेत?" बाळा, आपलं शेत आपल्या जागी राहू दे.

पण तोच प्रश्न मोठी माणसं विचारतात तेव्हा त्याला शोधनिबंध म्हणतात. माझे एक सहकारी पंचवीस वर्षं दर अधिवेशनाला जुळणाऱ्या शब्दांची यादी घेऊन यायचे. एकदा धावतच आले : "केटमध्ये आईला आम, कोटमध्ये आमा! आणि दक्षिणेत अम्मा!" माझी नात तेव्हा नऊ महिन्यांची होती. मी त्यांना घरी नेलं. तिनं ओठ मिटले, उघडले आणि शेजारच्या मांजराला 'अम्मा' म्हटलं. यादीतला तो शब्द त्यांनी खोडला. बाकीची यादी अजून आहे.

एडवर्ड वाज्दा यांनी २००८ साली येनिसेई भाषांचं नातं उत्तर अमेरिकेतल्या नावाहो भाषेच्या कुळाशी जोडलं. त्यांचं काम यादीचं नाही, क्रियापदांच्या रचनेत खोल उतरलेलं आहे. लायल कॅम्पबेल यांच्यासारख्यांनी त्यावर कडक आक्षेपही घेतले. सकाळच्या सत्रात या दोन बाजूंनी जो गदारोळ झाला तो मी ऐकला. मला त्यात कुणाची बाजू घ्यायची नाही. मला एवढंच विचारायचं आहे की दोन्ही बाजू ज्या पुराव्यावर उभ्या आहेत तो गोळा कुणी केला, आणि त्या माणसाला आपण काय म्हणतो? 'माहिती-संकलक.' तुलना करणारा विद्वान आणि ऐकणारा कारकून!

ही माझी तक्रार आहे. आपल्या शास्त्रात ऐकण्याला प्रतिष्ठा नाही.

आणि ऐकणं किती अवघड आहे ते कास्त्रेनलाच विचारा. केट भाषेत एकाक्षरी शब्दांचे चार सूर आहेत. सूर बदलला की शब्द बदलतो. हे नीट उमगलं ते विसाव्या शतकात, तोम्स्कला आंद्रेय दुलझोन आणि हाइनरिख वेर्नर यांच्या पिढीनं केट माणसांसमोर वर्षानुवर्षं बैठक मारली तेव्हा. कास्त्रेनच्या कानाला ते सूर सूर म्हणून कळले नाहीत. केटची चूक दुरुस्त करता आली, कारण बोलणारी माणसं होती. कोटसाठी आता त्यानं स्वरांवर केलेल्या खुणांवरून तर्क करायचा, दुसरं काय!

मी त्याला दोष देणार नाही. मी काय केलं ते ऐका.

१९७९ साली मी बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषेसाठी गेले होते. निहालीचं सिद्ध झालेलं नातं कुणाशीच नाही. म्हणून तिच्याकडे सगळे कोडं म्हणून पाहतात. क्यूपर यांनी १९६२ साली तर ही सांकेतिक बोली असण्याची शक्यताही चाचपून पाहिली. अंगणात एक म्हातारबा बसले होते. मी विचारलं, पाण्याला काय म्हणता? ते म्हणाले, जोप्पो. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. जोप्पो. अजून एकदा. तेव्हा ते वऱ्हाडीत म्हणाले, "बाई, पानी प्याचं हाय, का नुसतंच इचारून राह्यली?"

अकरा कॅसेट भरून आणल्या. माझ्या संस्थेत पहिला प्रश्न आला, "नातं सापडलं का?" सापडलं नाही, म्हणून कॅसेट कपाटात गेल्या. तीन वर्षांनी उघडून पाहते तो त्यांच्यावर एका सत्कार समारंभाचं ध्वनिमुद्रण केलेलं. नवीन कॅसेटला पैसे नव्हते म्हणे. हारतुरे, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचा खोकला. एका कॅसेटच्या शेवटी, आभारप्रदर्शन संपल्यावर, काही सेकंद कोंबडा आरवतो आणि म्हातारबांचा अर्धा शब्द येतो. तेवढाच उरला.

पुढची कामं सांगायची प्रथा आहे. ध्वनिसंग्रह हवा. त्याला इमारत, पैसा, माणूस हवा. ते समितीनं पाहावं. विद्यार्थ्यांना वर्षभर नुसतं ऐकायला बसवावं. गुण कसे द्यायचे, मला माहीत नाही. संवर्धनाचा ठराव उद्या येणारच आहे, तो नेहमीप्रमाणे एकमतानं मंजूर करा.

एक राहिलं. म्हातारबांनी विचारलं तेव्हा मी पाणी नको म्हटलं. बॅटरी उतरत होती, यादीतले चाळीस शब्द बाकी होते. जाताना गावचे मास्तर एसटीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "म्हातारबांच्या जिवाला लागलं, मॅडम. त्यांना वाटलं, बाई आपल्या हातचं पीत नाही."

एसटी आली होती. मी चढले.