पेस्ट बदलली, तरी लॅपटॉप तापतोच?

तिसगावहून आम्ही बोलतोय. गटाचे हिशोब आता बऱ्याच घरी मुलांच्या गेमिंग लॅपटॉपवर होतात. तो तापतो म्हणून दुकानात थर्मल पेस्ट बदलून आणतो, तरी पुन्हा तापतो. मग पुन्हा पैसे घालायचे का? थांबा, आधी तपासू.

पेस्ट चिप आणि तांब्याची पट्टी यांच्यामधली बारीक फट भरते. पट्टीतून उष्णता जाळीपर्यंत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो.

गेम चालू असताना हवा बाहेर पडते तिथं हात धरा. तापमान एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

तापमान लगेच ९० अंशांवर गेलं, पण पंखा जोरात असून हवा गारच आहे? मग उष्णता चिपवरून निघतच नाही. स्क्रू सैल असेल किंवा पेस्ट नीट लागली नसेल. बिल दाखवा, दुकानदाराकडून पुन्हा बसवून घ्या.

हवा गरम पण मंद आहे? जाळीत धूळ असेल, नाहीतर पंखा थकला असेल. तेवढंच काम सांगा.

हवा गरम आणि जोरात आहे? पेस्ट बहुधा ठीक आहे, भार जास्त आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. वेग घटतो, तापणं बऱ्याचदा कमी होतं.

आणि लॅपटॉप गोधडीवर नको, पाटावर ठेवा. खालून हवा मिळू द्या.

बायांनो, बिल जपा. दुकानात विचारायला लाजू नका. पैसा आपल्या कष्टाचा आहे.